एफएम २४ : संडरलंडसाठी कोवळी पोरं शोधायची कशी?

नवखा_मॅनेजर
मंडळी, फुटबॉल मॅनेजर २४ (एफएम २४) या कॉम्प्युटर गेममध्ये संडरलंड हा इंग्लिश क्लब चालवायला घेतलाय. पहिलाच हंगाम, चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग. जोब बेलिंगहॅम आणि ख्रिस रिग ही कोवळी पोरं हाताशी आहेत, पण ट्रान्सफरचं बजेट तुटपुंजं. मोठी नावं विकत घ्यायची नाहीत, पोरं घडवूनच प्रीमियर लीगला जायचंय. स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे, अहवालांचा ढीग आणून टाकतात. पाचपैकी कुणाला साडेतीन तारे, कुणाला पाच, त्यातले निम्मे काळे. सतरा वर्षांचा एक ब्राझिलियन विंगर फार आवडलाय. यूट्यूबवरच्या वंडरकिडच्या (पुढे स्टार होतील अशा पोरांच्या) याद्या बघून खरेदी करावी का? तुम्ही नेमकं काय बघून पोरगा निवडता?

ठाणे_१०नंबर
ताऱ्यांबद्दल एवढं लक्षात घे, ते तुझ्याच संघाच्या तुलनेत असतात. आज चार ताऱ्यांचा दिसणारा पोरगा तू वर गेल्यावर अडीचवर येईल, त्याचं काही बिघडलेलं नसतानाही. काळे तारे म्हणजे स्काऊटलाच अजून खात्री नाही. त्याला आणखी सामने बघू दे. आणि अहवाल कुणी दिलाय तेही बघ. ज्या स्काऊटचं ‘जजिंग प्लेअर पोटेन्शियल’ वीसपैकी आठ-नऊ आहे, त्याच्या पाच ताऱ्यांवर पैसे लावू नयेत.

रंकाळा_राईटबॅक
भावा, याद्या बाजूला ठेव. प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात, आजची क्षमता आणि कमाल क्षमता. दोन्ही २०० पैकी, दोन्ही आपल्यापासून लपवलेले. बऱ्याच कोवळ्या पोरांची कमाल क्षमता डेटाबेसमध्ये पक्की नसतेच, नुसता पट्टा दिलेला असतो. तिथं उणे ९ लिहिलं असेल तर १५० ते १८०, उणे १० म्हणजे १७० ते २००. नवा सेव्ह, म्हणजे नवा डाव, सुरू केला की त्या पट्ट्यातला एखादा आकडा त्याच्या वाट्याला येतो. व्हिडिओ करणाऱ्याकडे १७८ चा निघालेला पोरगा तुझ्याकडे १५२ चा असू शकतो. १५२ काही वाईट नाही, पण त्याच्यासाठी अख्खं बजेट ओतायचं नसतं.

मी आधी स्वभाव बघतो. वेग, ड्रिबलिंग, फिनिशिंग सगळं नंतर. प्रोफेशनॅलिझम आणि अँबिशन हे गुण दिसत नाहीत, डिटरमिनेशन दिसतं, आणि या तिघांचा अंदाज ‘पर्सनॅलिटी’च्या शब्दावरून येतो. प्रोफेशनल, रेझोल्युट, ड्रिव्हन, परफेक्शनिस्ट असं काही दिसलं की मी एक तारा कमी असला तरी घेतो. कॅज्युअल किंवा स्लॅक दिसलं तर पाच तारे असले तरी सोडतो. कमाल क्षमता हे फक्त छत आहे, तिथवर पोचवणारा जिना म्हणजे सराव, आणि सरावाचं चीज स्वभावावर ठरतं. याच गेमचा जुना अवतार असलेल्या चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ मध्ये मिलवॉल क्लबचा चेर्नो सांबा गोलांचा पाऊस पाडायचा. खऱ्या मैदानावर ती कारकीर्द झालीच नाही. फ्रेडी अडू २००४ मध्ये चौदाव्या वर्षी डीसी युनायटेडकडून एमएलएस या अमेरिकन लीगमध्ये उतरला, त्याचंही पुढे तसंच. गुण दोघांकडेही होते, कुणी उगाच नाव घेतलं नव्हतं. म्हणूनच मला या गेमबद्दल आदर वाटतो. पोरगा हेरणं आणि पोरगा घडणं या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो.

आता शोधायचं कुठं? १ जानेवारी २०२१ पासून इंग्लिश क्लबांना अठराच्या आतला परदेशी खेळाडू घेता येत नाही. अठरानंतरही कामाच्या परवान्यासाठी सहसा १५ गुण लागतात. राष्ट्रीय संघातले सामने, लीगचा दर्जा, क्लबकडून मिळालेली मिनिटं यांवरून ते मिळतात. तुझा ब्राझिलियन इथंच अडकेल. आयर्लंडच्या नागरिकाला मात्र परवाना लागत नाही, फक्त अठरा पूर्ण व्हावी लागतात. लीग ऑफ आयर्लंडवर एक रिक्रूटमेंट फोकस (स्काऊटना दिलेली शोधमोहीम) कायमचा लावून ठेव, वय १६ ते १८. सतराव्या वर्षी ओळख पटली की अठराव्याला उचलायचा. शेजारच्या नॉर्दर्न आयर्लंडची लीग वेगळी, पण तुझ्या संघातला ट्राय ह्यूमही जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या लिनफिल्डहून आलाय. मोठे क्लब जिथं उशिरा बघतात तिथंच आपल्यासारख्यांना संधी.

आणि घरातलं सोनं विसरू नकोस. संडरलंडची अकादमी कॅटेगरी वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची आहे, इंग्लंडकडून खेळलेले जॉर्डन हेंडरसन आणि जॉर्डन पिकफर्ड तिथलेच. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. इथल्या तालमींच्या मैदानावर चांगले पाय कमी नाहीत, कमी पडतात त्या कोवळ्या वयात मिळणाऱ्या सोयी. गेममध्येही अठरापर्यंत चांगली मैदानं आणि कोच महत्त्वाचे. त्यानंतर मात्र सामने हवेत. एकोणिसाव्या वर्षी बाकावर बसवलेलं पोरगं तिथंच थांबतं. आपल्याकडे जागा नसेल तर लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबकडे) पाठव, पण जिथं रोज खेळेल तिथंच.

नवखा_मॅनेजर
आयर्लंडचा फोकस लावला, दादा. एक शंका : बहुतेक पोरांची पर्सनॅलिटी ‘बॅलन्स्ड’ दिसते. मग काय ठरवायचं?

रंकाळा_राईटबॅक
बॅलन्स्ड वाईट नाही, त्याला वळण लावता येतं. मेंटॉरिंगचा, म्हणजे सीनियरांकडून स्वभाव शिकवण्याचा, गट कर, किमान तीन जण लागतात. दोन चांगल्या स्वभावाचे, संघात वजन असलेले सीनियर घे आणि तिसरा हा पोरगा. गटातला एकजण जरी आळशी निघाला तरी उलटा परिणाम होतो, म्हणून सीनियर निवडताना घाई नको. डिटरमिनेशन दहाच्या खाली असेल तर मी सहसा थांबतो.

ठाणे_१०नंबर
आणखी एक. एकविसाव्या वर्षाच्या आत तीन हंगाम इंग्लंडमध्ये नोंदणी झाली की खेळाडू ‘होमग्रोन’ ठरतो. प्रीमियर लीगच्या पंचवीस खेळाडूंच्या यादीत होमग्रोन नसलेले सतराच चालतात. म्हणजे अठराव्या वर्षी आणलेला आयरिश पोरगा वर गेल्यावर दुप्पट कामाचा. वाढदिवस बघून करार कर, एकोणीस होऊन गेल्यावर आणलास तर तीन हंगाम सहसा भरत नाहीत.