वर्षअखेरचा पंधरवडा: मुलाला शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं?

शेवंती (धागा यांनी सुरू केला)

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. वर्षभर शाळेत बरा रमतो. पण शेवटचे पंधरा दिवस आले की त्याचं सगळं विस्कटतं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलं जाणारं वेळापत्रक गायब होतं. गणिताच्या तासाला निरोप समारंभाची तालीम सुरू असते, भिंतीवरची चित्रं उतरलेली असतात, एखाद्या सकाळी बाकच भलतीकडे सरकवलेले असतात. शाळेतून निरोप येतो, 'आज अगदी शहाण्यासारखा वागला'. आणि घराचं दार लागलं की तो दोन-दोन तास रडतो. गेल्या वर्षी स्वतःच्या मनगटाला चावे घेतले.

या वर्षी मी ठरवलंय, परीक्षा झाली की शाळा बंद. शिकवणं संपलेलं असतं, मग त्या गोंगाटात त्याला का लोटायचं? हा हट्ट नाही, लाडही नाहीत. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच सगळं जसंच्या तसं राहावं ही ओढ नोंदवली होती. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा त्रासही २०१३ पासून डीएसएम-५ च्या, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेच्या, ऑटिझमच्या निकषांत आहे. इतकं सगळं लिहिलेलं असताना 'एवढं काय झालं' हे आम्हीच का ऐकायचं?

खडूफळा

शेवंतीताई, मी प्राथमिकची शिक्षिका आहे. तुमचा त्रास खरा आहे, उपाय मात्र पटत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला पालकांनी असंच आधी घरी ठेवलं. सुट्टी संपल्यावर तो सरळ जुन्या वर्गात आला. त्याच्या जागेवर दुसरं मूल बसलेलं. दप्तर छातीशी धरून तो तिथेच उभा राहिला, कितीतरी वेळ. त्याच्या लेखी वर्ष संपलंच नव्हतं, कारण ते संपताना त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. ती चूक माझीही होती.

तेव्हापासून मी तीन आठवडे आधी दिनदर्शिका लावते आणि रोज एक चौकोन मुलांकडूनच खोडून घेते. तालीम असेल त्या दिवशी वेळापत्रकात त्या तासाच्या जागी वेगळ्या रंगाचं 'बदल' कार्ड लागतं, ते सकाळीच लागतं, ऐनवेळी नाही. भिंतीवरचं चित्र ज्याचं त्यानेच काढायचं आणि फाईलला लावायचं. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांच्या 'सोशल स्टोरीज'च्या (पुढे काय होणार ते मुलाला आधीच सांगणाऱ्या छोट्या गोष्टींच्या) धर्तीवर चार-पाच वाक्यांची गोष्टही लिहून देते: आता हा वर्ग संपेल, सुट्टी लागेल, मग मी त्या खोलीत बसेन, तिथे या बाई असतील. गोष्टीत नव्या खोलीचा आणि नव्या बाईंचा फोटो असतो. सुट्टीभर मूल ती उलटून पाहतं.

रोखठोक

दोघींशीही असहमत. वर्गात तीस-पस्तीस मुलं असतात. एकासाठी कार्डं, एकासाठी फोटो, बाकीच्यांनी काय करायचं? माझा पुतण्याही असाच आहे. भावाने त्याला प्रत्येक कार्यक्रमाला नेलं, रडला तरी नेलं. आता बसतो शांत. पुढे नोकरीत कुणी 'बदल' कार्ड लावणार नाही. सवय लागली पाहिजे, आणि ती लहानपणीच लागते.

शांतकोपरा

तुमचा पुतण्या शांत बसतो म्हणजे त्याला सवय झाली, हे कशावरून? मी स्वतः ऑटिस्टिक आहे, आता पस्तिशीत. मीही शांत बसायचे. टाळ्या सुरू झाल्या की पायाची बोटं बुटात घट्ट आवळून मनात पाढे म्हणायचे. सगळे म्हणायचे, सुधारली. घरी आल्यावर जेवण जात नसे, बोलणं बंद व्हायचं. त्याला सवय म्हणत नाहीत, लपवणं म्हणतात, आणि त्याची किंमत मूल घरी येऊन चुकवतं. शेवंतीताईंनी वर लिहिलंय तेच हे.

डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. म्हणून चेहरा बघून ठरवू नका. आणि नोकरीचं म्हणाल, तर माझ्या कामाच्या ठिकाणी बैठकीची विषयपत्रिका मला आदल्या दिवशी मिळते. मी मागितली म्हणून. मागता येतं, हे मात्र मला शाळेत कुणीच शिकवलं नव्हतं.

एक मात्र शेवंतीताईंना सांगते. मलाही एका वर्षी घरी ठेवलं होतं. सुटका झाल्यासारखं वाटलं, पण माझ्या बाकावर शेवटचा हात फिरवायचा राहून गेला, ते अजून आठवतं. तुम्ही त्याला विचारलंय का?

भिंगरी

आमच्याकडे उलटंच. मुलगी अकरा वर्षांची, तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबुळ फार. तालमी, धावपळ, मोकळे तास तिला मनापासून आवडतात. तिला घरी ठेवलं तर ती शिक्षाच होईल. आमचं घोडं अडतं ते दुसरीकडे. अपुऱ्या वह्या, प्रकल्प, ग्रंथालयाची पुस्तकं, सगळं एकाच आठवड्यात मागतात. 'शुक्रवारपर्यंत द्या' म्हटलं की तिच्यासाठी शुक्रवार येतच नाही, एकदम शुक्रवार झालेलाच असतो. या वर्षी बाईंनी एका दिवशी एकच वस्तू मागितली, आणि सगळं वेळेत गेलं. तेव्हा 'या मुलांना' असं एकच औषध सांगू नका, एवढीच विनंती.

रोखठोक

शांतकोपरा, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. पुतण्या घरी गेल्यावर कसा असतो, हे मी भावाला कधी विचारलंच नाही, आज विचारतो. पण पूर्ण सूट द्यावी हे अजूनही पटत नाही. समारंभाला यायचंच नाही असं ठरलं की पुढच्या वर्षी शाळा त्याला बोलवायचंच सोडून देते. हे मी पाहिलंय.

खडूफळा

ही भीती खरी आहे, म्हणून सूट ठरवून आणि मोजून द्यावी. मूल दहा मिनिटं येईल, दाराजवळ बसेल, कानावर हेडफोन असतील, आणि नको झालं की कुठे जायचं ती खोली आधी दाखवलेली असेल. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात एक फेरी मारून आणायची. तीस-पस्तीस मुलांचं म्हणाल, तर बदलाचा तक्ता लावल्यावर 'आता काय आहे, बाई?' हे विचारणं सगळ्यांचंच कमी झालं. एका मुलासाठी लावलेलं सगळ्यांनाच उपयोगी पडलं.

शेवंती

काल त्याला विचारलं. तोंडी उत्तर आलं नाही, म्हणून कागदावर तीन चौकोन काढून दिले: शाळा, अर्धा दिवस, घर. त्याने 'अर्धा दिवस'वर बोट ठेवलं. नंतर स्वतःच चौथा चौकोन काढला आणि त्यात त्याचा बाक काढला.

मी बाईंशी बोलले. पंधरा दिवस मधल्या सुट्टीपर्यंत जाईल, तालमींचे दिवस मला आधी कळवतील. समारंभाला जाणार नाही, त्यावर मी ठाम आहे, रोखठोक. पण शेवटच्या दिवशी इतर मुलं यायच्या आत अर्धा तास वर्ग त्याच्यासाठी उघडतील. खडूफळाताई, नव्या बाईंचा फोटो मागायचा राहिला, तो उद्या मागते.