'अनसपोर्टेड'ला 'असमर्थित' म्हणावं का?

रामबाग: इंदुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी लिनक्स कर्नेलमधल्या केव्हीएमवर (एका संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या भागावर) मराठीत टिपण लिहितोय. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनपाशी, म्हणजे आभासी यंत्राच्या आत आणखी आभासी यंत्र चालवण्यापाशी, अडलो. 'अनसपोर्टेड फीचर' दर दोन ओळींनी येतं. 'असमर्थित सुविधा' लिहिलं, तर बायको म्हणाली हे हिंदी झालं.

तुकोगंज: वहिनींचं बरोबर आहे. मोबाइलवरच्या 'समर्थित नहीं है'ने आपले कान बिघडवलेत. मराठीत समर्थन म्हणजे बाजू घेणं. प्रोसेसर कुणाची बाजू घेणार? 'सोय नाही' लिहा, मोकळे व्हा.

पलासिया: 'सोय' मस्त. पण नाही ती कोणाकडे? खऱ्या यंत्रावरचा हायपरवायझर (आभासी यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम) एल-०, त्याच्यावर पाहुणा म्हणून, म्हणजे आभासी यंत्रात, चालणारा हायपरवायझर एल-१, आणि त्या पाहुण्याचा पाहुणा एल-२. 'सोय नाही'चा अर्थ प्रत्येक पायरीवर बदलतो आणि कर्नेलही दर वेळी वेगळं वागतो.

चिपमध्येच नसेल तर प्रश्न मिटला. सीपीयूआयडी (प्रोसेसरमध्ये काय काय आहे ते सांगणारी सूचना) विचारल्यावर त्या सोयीचा बिट ० दिसतो.

खरी गंमत पुढे. चिपमध्ये आहे, पण एल-१च्या पाहुण्यासाठी ती सांभाळायचं काम एल-०ने लिहिलेलंच नाही. मग एल-० ती झाकतो. इंटेलवर व्हीएमएक्सची (चिपमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीची) कंट्रोल्स कोणती चालतील हे सांगणारे एमएसआर, म्हणजे प्रोसेसरमधले खास रजिस्टर, असतात. त्यांतले खालचे ३२ बिट 'हे १ हवंच' सांगतात, वरचे ३२ 'हे १ चालेल'. एल-० वरच्या अर्ध्यातला तो बिट शून्य करून दाखवतो. तरीही एल-१ने तो लावून व्हीएमलाँच (पाहुणा सुरू करायची सूचना) केलंच, तर एल-२ सुरूच होत नाही. एल-१च्या हाती एरर क्रमांक ७ येतो, म्हणजे कंट्रोल फील्ड चुकीचं. एएमडीवर त्याच कामाचं व्हीएमरन -१ हा एक्झिट कोड देऊन परततं.

तिसरी तऱ्हा: चिपमध्ये आहे, एल-०नेही दिली, पण एल-१ने आपल्या पाहुण्यासाठी चालूच केली नाही. अशा वेळी एल-२ने समजा इनव्हीपीसीआयडी ही सूचना चालवली, तर त्याला यूडी (अनोळखी सूचना) एक्सेप्शन मिळायला हवं, जणू ती सूचना त्या प्रोसेसरवर नाहीच. एल-१ने यूडी अडवायला सांगितलं नसेल, तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. एल-०ला ती सूचना येते म्हणून त्याने परस्पर चालवून दिली, तर ती चूक.

सुदामानगर: मग एका शब्दाचा हट्ट कशाला? नसलेली सोय, न दिलेली सोय, न घेतलेली सोय. मराठीत हे फुकट मिळतं.

रामबाग: वा! आणि केव्हीएमच्या मोड्यूलमध्ये नेस्टेडच बंद असेल तर?

पलासिया: ती 'न दिलेली'च, फक्त घाऊक. एल-१ला व्हीएमएक्सचा बिटच दिसत नाही आणि व्हीएमएक्सऑनला (व्हीएमएक्स चालू करायच्या सूचनेला) यूडी. कर्नेल ४.२०पासून इंटेलवरही नेस्टेड आपोआप चालू असतं, त्यामुळे आता कमी दिसतं.

तुकोगंज: मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरच्या एनलाइटन्ड व्हीएमसीएसचं (पाहुण्याची कंट्रोल्स ठेवायच्या तक्त्याच्या खास रूपाचं) काय? तिथे प्रीएम्प्शन टायमर (ठरल्या वेळी पाहुण्याला थांबवणारा) चिपमध्ये असतो, तरी लपवतात.

पलासिया: त्याच्या पहिल्या आवृत्तीत टायमरच्या आकड्याला रकानाच नाही. किंमत लिहायलाच जागा नसेल तर केव्हीएम करणार काय? झाकतो. तीही 'न दिलेली'त घाला, कारण तळटीपेत द्या.

सुदामानगर: आणि 'नेस्टेड'ला? पोटकलम, पोटनियम आहेतच. एल-२ला 'पोटपाहुणा' म्हणा.

तुकोगंज: पोरं हसतील हो.

पलासिया: हसू देत, पण 'नेस्टेड' नेस्टेडच ठेवा. उद्या कोडमध्ये तेच शोधायचंय.

रामबाग: ठरलं. हे वाक्य बघा: 'न दिलेली सोय एल-१ने मागितल्यास प्रवेश नाकारला जातो, न घेतलेली सोय एल-२ने वापरल्यास त्याला यूडी मिळतं.'

सुदामानगर: 'नाकारला जातो' काढा. 'एल-२ सुरू होत नाही' लिहा, आणि एरर ७ तिथेच सांगा.