‘डोलकाठीला निशाण ठोकणे’ मराठीत कसं म्हणायचं?

अनुवादिका
ब्रिटिश संसदेवरचा लेख मराठीत आणतेय. एका खासदाराने पक्षाविरुद्ध जाऊन ‘नेल्ड हिज कलर्स टू द मास्ट’. मी ‘डोलकाठीला निशाण ठोकलं’ लिहिलं, संपादकांनी ‘पाय रोवून उभा राहिला’ केलं. मला नाही पटत. पाय रोवणारा गप्पही असू शकतो. याने भूमिका चारचौघांत जाहीर केलीय, वर माघारही बंद केलीय. दोन्ही छटा कशा आणू?

दर्यावर्दी
शिडाच्या लढाऊ जहाजांत निशाण उतरवलं म्हणजे शरणागती. खिळे ठोकले की उतरवायची सोयच उरत नाही. ११ ऑक्टोबर १७९७, डच किनाऱ्याजवळची कॅम्परडाउनची लढाई. ब्रिटिश अ‍ॅडमिरल डंकनच्या ‘व्हेनरेबल’ जहाजावरची निशाणाची काठी गोळ्यांनी तुटली. सेनापतीचंच निशाण पडलेलं दिसलं असतं तर बाकीच्या जहाजांनी काय समजायचं? इंग्लंडमधल्या संडरलंडचा खलाशी जॅक क्रॉफर्ड भर गोळीबारात वर चढला आणि ते ठोकून आला. गावाने त्याला रौप्यपदक दिलं, १८९० मध्ये पुतळाही उभारला.

पोथीवाला
पण वाक्प्रचाराचा उगम तो नव्हे. १७७९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जॉन पॉल जोन्सशी लढताना ‘सेरापिस’ या ब्रिटिश जहाजाच्या कप्तान पिअर्सननेही निशाण ठोकून घेतलं होतं म्हणतात, आणि शेवटी शरण जाताना स्वतःच्या हाताने ते ओरबाडून काढलं. क्रॉफर्डमुळे फार तर वाक्प्रचार लोकांच्या तोंडी बसला.

मावळची लेक
ताई, ‘परतीचे दोर कापले’ आहे की! १६७० चा सिंहगड. माघार बंद, हे कुठल्याही मराठी वाचकाला लगेच कळेल.

अनुवादिका
माघार बंद होते, पण भूमिका जाहीर होत नाही. शिवाय सूर्याजीने दोर कापले ते पळणाऱ्यांचे. इथे माणूस स्वतःचीच वाट बंद करतोय. ‘विडा उचलला’ भर दरबारातलं आहे खरं, पण विडा कामगिरीचा, मताचा नाही.

शुद्धमती
आधी ‘निशाण’ काढा, ते फारसी. ध्वज म्हणा.

दर्यावर्दी
आमच्या बंदरात होडीवर बावटा लागतो, ध्वज १५ ऑगस्टला शाळेत. खलाशी वापरतात तोच शब्द हवा.

शुद्धमती
मग ‘नांगर टाकून उभा राहिला’ म्हणा. शब्द अस्सल आपला, संस्कृत लाङ्गल.

पोथीवाला
शेतातला नांगर लाङ्गल, जहाजाचा फारसी लंगर. गुजरातीत बघा, शेतात हळ आणि समुद्रात लंगर. लाङ्गलचा ‘ल’ जसा ‘न’ झाला तसाच लंगरचाही, म्हणून मराठीत दोघे एकसारखे दिसतात.

शुद्धमती
दोघेही जमिनीत रुततात. फाळाचं रूप बघूनच नाव पडलं असणार.

दर्यावर्दी
नांगर टाकणं म्हणजे मुक्काम हो! लढाईत नांगर टाकून उभं राहिलेलं गलबत आयतं सापडतं.

पोथीवाला
रूपावरून पडलं म्हणता, तर मग हिंदीतही नांगराला आणि लंगराला एकच शब्द का नाही?

शुद्धमती
हिंदीने हल घेतला, लाङ्गल सोडला. मराठीने लाङ्गल ठेवला आणि त्याच शब्दाने समुद्रही भागवला. यात फारसी आली कुठून?