दुपारी साडेतीनचा क्रिकेट कॅम्प, पोराला पाठवू का नको? (सांगली-मिरज)

मिरजकरीण
नमस्कार मंडळी, मुलगा १३ वर्षांचा आहे, सुट्टीत क्रिकेट कॅम्पला घातलाय. सकाळची बॅच फुल्ल झाली म्हणून साडेतीन ते सहाची मिळाली. पारा ४० ला टेकलाय आणि हे पॅड हेल्मेट घालून नेटमध्ये. काल घरी आला ते डोकं दुखतंय म्हणून न जेवताच झोपला. सरांना फोन केला तर म्हणे ताई सवय होईल, आणि सारखं पाणी दिलं की पोरं पळत नाहीत, ब्रेकला देतो. सासूबाई म्हणतात खिशात कांदा ठेव. मी उगाच घाबरतेय का?

रिटायर्ड_पीटी_सर
उगाच नाही ताई. सवय होते हे खरंय पण तिला १० ते १४ दिवस लागतात, ते पण रोज थोडं थोडं वाढवलं तर. पोरं परीक्षेपर्यंत पंख्याखाली बसलेली आणि पहिल्याच दिवशी अडीच तास उन्हात, म्हणून पहिला आठवडाच सगळ्यात धोक्याचा. सुरुवातीला पॅडबिड नको, कॅचिंग आणि हलकं पळणं बास. पाणी दर १५-२० मिनिटांनी, मागायची वाट बघायची नाही. पाणी मागणाऱ्याला नाजूक म्हणणारा कोच असला की बाकीची पोरं मागतच नाहीत ओ, तहान दाबून पळतात. आणि जुलाब नाहीतर ताप येऊन गेलाय त्या पोराला दोन-चार दिवस घरीच ठेवा.

विटेकर
कांदा भाकरीबरोबर खायचा, खिशात ठेवून काय होतंय 😄 एक सांगतो, वळीव पडून गेला की गार वाटतं पण दुसऱ्या दिवशी दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग गार होत नाही. नुसता पारा बघू नका.

कॅज्युअल्टी_सिस्टर
डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले की त्या दिवशीचा खेळ बंद, सावली आणि ओआरएस. पण पोरगं बरळायला लागलं, झोकांड्या खातंय, विनाकारण चिडतंय तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं अजिबात नाही, खेळताना होतो त्यात घाम असतोच बऱ्याचदा. १०८ ला फोन लावा पण गाडीची वाट बघत बसू नका, तिथंच पॅड बूट काढा, टाकीत नाहीतर मोठ्या टबात गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, ते नसेल तर बादल्या ओता, वारा घाला, मानेला काखेत जांघेत बर्फ. आधी गार करायचं, मग हलवायचं, कारण अंगाचं तापमान ४० सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइट) वर जितका वेळ राहील तितकं मेंदू-किडनीला वाईट. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही, हा ताप नव्हे. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात माणसं दगावली ती तर नुसती उन्हात बसलेली होती, ही पोरं पळतायत.

मिरजकरीण
बापरे. ग्राउंडवर नुसता एक नळ आहे, बर्फ कुठनं आणायचा?

रिटायर्ड_पीटी_सर
आसपास रसवंती असंल की, त्याच्याकडं लादी असतीच. आधीच सांगून ठेवा, आणि एक मोठा टब भरून सावलीत ठेवायला लावा.

मिरजकरीण
रसवंती आहे गेटसमोरच, नंबर घेते. सरांना पाचला सुरू करा म्हटलं तर तयार आहेत, पण दोन-तीन पालकांचं म्हणणं सातला क्लास आहे. आज ग्रुपवर भांडण होणार बहुतेक.