हिवाळ्याच्या तोंडावर हिमालयात घसरलात का? अनुभव लिहा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातल्या तुंगनाथला जाऊन आले. माकडहाड अजून ठणकतंय, म्हणून हा धागा.

चोपत्यापासून तुंगनाथ जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर, वाट सगळी फरसबंद. वीस वर्षं सह्याद्रीत भटकलेली मी, हिला खिजगणतीतच धरलं नव्हतं. मंदिर ३,६८० मीटरवर. दिवाळीच्या आगेमागे मंदिराची कपाटं (दारं) बंद होतात, देवाची डोली खाली मक्कूमठ गावात उतरते, त्यामुळे वाटेवर शुकशुकाट. पहिला बर्फ आठवड्यापूर्वी पडून गेलेला. उन्हातल्या फरशा कोरड्या ठणठणीत; पण बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झाडांच्या सावलीतलं वळण आलं की तिथला बर्फ तुडवून दाबलेला, दुपारी जरासा वितळलेला, रात्री पुन्हा गोठलेला. असं चार-सहा दिवस चाललं की त्याची काच होते. खालच्या फरशीची चीर आरपार दिसत होती, तरी मला ती फक्त ओली वाटली. चढताना त्यावरून निभावलं. उतरताना दुपारी तीनच्या सुमारास त्याच जागी दोन्ही पाय एकदम पुढे गेले. पावसाळ्यात शेवाळावर निदान एक पाय आधी सरकतो, सावरायला क्षणभर मिळतो. इथे तेवढीही सवड नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात कुणाचं असं झालंय? सल्ले चालतील, पण आधी काय घडलं ते सांगा.

* * *

उत्तराखंडातलंच केदारकंठा, डिसेंबरचा तिसरा आठवडा. पायथ्याच्या सांक्रीत भाड्याने घेतलेले मायक्रोस्पाइक्स (बर्फासाठी बुटावर चढवायचं रबर, तळाला दातेरी साखळी) माझ्या बुटाला सैल होते. 'चालतंय' म्हणून निघालो. पहाटे तीनला अंधारात सुरुवात, शिखर १२,५०० फूट, वर पोचेपर्यंत काही तक्रार नाही. उतरताना टाचेवरचं रबर निसटलं आणि साखळी पायाखाली आडवी आली. गेलो की बुडावर! पुढे भुसभुशीत बर्फ होता म्हणून थांबलो. आता भाड्याचे घेताना तिथेच बुटावर चढवून दहा पावलं चालून बघतो, दुकानदार हसला तरी.

पाण्याचं अवांतर: बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बर्फ बुडाकडे धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीवाली पिशवी नेऊच नका, माझी नळी तासाभरात गोठली.

* * *

हिमाचलात धरमशाळेजवळचं त्रिउंड. 'कॉलेजची पोरं चपलांवर जातात' असं ऐकून गेलो होतो. जात असतील, मे महिन्यात. शेवटची ती प्रसिद्ध बावीस वळणं सावलीत, आणि मी पडताना हात टेकला. सगळं वजन मनगटावर. एका ढाबेवाल्याने मफलरची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि सोबत खाली उतरला. वाटेत त्याचं एकच पालुपद: जिथे खेचरांची लीद पडलीय तिथे पाय ठेव. लीद गोठून खरखरीत होते, बूट धरतो. सव्वा तास मी खाली मान घालून लीद शोधत उतरलो, धौलाधारची डोंगररांग पाठीमागे झगमगत असणार. धरमशाळेला प्लास्टर, सहा आठवडे.

* * *

ताई, तुमच्या त्याच तुंगनाथच्या वाटेवर मी आणि आमची ही, दोघंही साठीपुढचे. नाशिकहून एवढं गेलो आणि मंदिर नजरेच्या टप्प्यात असताना परत फिरलो. समोरून दोन तरुण बसून, सरकत उतरत होते. ही म्हणाली, "हे असं उतरायचं असेल तर मी इथूनच नमस्कार करते." मी चिडलो, खोटं कशाला बोलू. पन्नासेक पावलं एकटा पुढे गेलो आणि मग वळून खाली पाहिलं. चढताना नुसती निसरडी वाटलेली वाट वरून बघताना घसरगुंडीच दिसत होती. ती पन्नास पावलं उतरायला मला वीस मिनिटं लागली. हिने काठी वर धरली, तिच्या टोकाला धरून शेवटची फरशी ओलांडली. चहा पिताना दोघंही गप्प.

* * *

मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरात राहते. इकडे नोव्हेंबरात गंमत वेगळीच, ओकची पानं गळून वाटेवर पसरतात आणि बर्फ त्यांच्याखाली असतो. मोनॅडनॉक हा जेमतेम ३,१६५ फुटांचा डोंगर, म्हणजे आपल्या राजगडाहूनही बुटका, तरी तिथे दोनदा आपटलेय. पार्किंगमध्ये हिरवळ दिसली तरी स्पाइक्स सॅकमध्ये असतातच. एक मात्र लक्षात ठेवा, ओल्या बर्फात दातांमध्ये गोळे धरतात आणि मग स्पाइक्स असून नसल्यासारखे. काठीने ठोकून झाडावे लागतात.

* * *

हसू नका. स्पाइक्स नव्हते, तेव्हा बुटांवरून लोकरीचे मोजे चढवून उतरलोय. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे खरंच तपासलं होतं, घसरण कमी होते असं निघालं आणि २०१० साली त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. माझे मोजे आईने विणलेले होते. तळाला भोकं पडली. आईला अजून सांगितलेलं नाही.

* * *

(धागाकर्ती) काका, तुमचं ते वळून बघणं मला जमायला हवं होतं.

व्यनितून (खासगी निरोपातून) एकीने विचारलंय, २० डिसेंबरला नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन चोपत्याला जातेय, काय करू? त्याच्या मापाचे स्पाइक्स इथूनच घेऊन जा, तिथे लहान माप मिळेलच असं नाही. सकाळी ऊन वाटेवर आल्यावर निघा आणि दोनच्या आत खाली या, मंदिर राहिलं तरी. तीन वाजता मी कुठे होते ते वर लिहिलंच आहे.