देठ परीक्षणातला स्फुरद: आधी एकक बघा
दादा, एकाच द्राक्षबागेच्या पानांच्या देठांत स्फुरद (फॉस्फरस) एका प्रयोगशाळेत ०.४४ आणि दुसरीत १.०१ टक्के आला, म्हणून प्रयोगशाळांना लगेच खोटं ठरवू नका. ०.४४ ला २.२९ ने गुणून बघा. एकाने निव्वळ स्फुरद लिहिलाय, दुसऱ्याने पी२ओ५, म्हणजे स्फुरदाचं ऑक्साइड. एवढाच घोळ असणार.

देठ तोडण्याआधी ०-५२-३४ हे स्फुरदाचं खत फवारलं होतं का? तसं असेल तर नीट धुवायला हवेत. पण धुण्याच्या पावडरीने नको, तिच्यातच फॉस्फेट निघायचं! साधं पाणी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. पुढे प्रयोगशाळेत देठ आम्लात विरघळवून व्हॅनाडोमॉलिब्डेट हे रसायन घातलं की लिंबू सरबतासारखा पिवळा रंग येतो. जितका गडद, तितका स्फुरद जास्त.

आणि फुलोऱ्यातला नमुना घडासमोरच्या पानाच्या देठाचाच होता ना?