कोंबडीच्या भ्रूणात हृदयाचा बाक डावीकडे का दिसतो?

खाडीकाठ, रत्नागिरी
बी.एस्सी. प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक आहे. गावठी कोंबडीची अंडी ३८ अंशांवर साधारण ४० तास उबवली जातात आणि भ्रूण फिल्टर पेपरच्या रिंगवर उचलून बघितले जातात. पुस्तकात हृदयाच्या नळीचा बाक उजवीकडे आहे, आमच्याकडे बहुतेक भ्रूणांत तो डावीकडे दिसतो. मे महिन्यातल्या उकाड्याने बाजू उलटते का? आणि मुळात भ्रूणाला डावं-उजवं कळतं कसं? उंदरात सिलिया (पेशीवरचे केसासारखे बारीक धागे) हे काम करतात असं वाचलंय. कोंबडीतही तेच का?

निशिगंधा
सर, आधी भ्रूण कोणत्या बाजूने बघताय ते तपासा. बलकावर भ्रूण असतो तेव्हा त्याची पाठ वर असते. डोकं तुमच्यापासून लांब ठेवलं तर त्याचं उजवं तेच तुमचं उजवं. रिंग मात्र उचलून उलटी ठेवतात, म्हणजे पोट वर येतं आणि तोच उजवा बाक तुमच्या डाव्या हाताला दिसतो. बहुतेक सगळ्यांत डावीकडे दिसतोय म्हणता, त्यावरून हेच झालंय असं वाटतं. संयुक्त सूक्ष्मदर्शकाला दोष देऊ नका. तो प्रतिमा अर्धा फेरा फिरवतो, पण त्याबरोबर डोकंही खाली जातं. डोक्याच्या हिशेबाने बघितलं तर बाजू बदलत नाही.

उपाय सोपा आहे. अंडं आडवं ठेवा, बोथट टोक तुमच्या डावीकडे. बहुतेक अंड्यांत भ्रूणाचं डोकं तुमच्यापासून लांबच्या दिशेला असतं, म्हणजे त्याची उजवी बाजू निमुळत्या टोकाकडे येते. खिडकी कापण्याआधी बोथट टोकाकडून सिरिंजने २-३ मिली पांढरं काढून घ्या, नाहीतर कवचाबरोबर भ्रूणही फाटतो. रिंग बलकावर बसवली की डोक्याची दिशा डोळ्यांनी बघा आणि भ्रूणाच्या उजव्या बाजूला येणाऱ्या रिंगच्या कडेला कात्रीने एक खाच पाडा. मगच बाहेरून पडदा कापून उचला आणि ०.७२ टक्के कोमट मिठाच्या पाण्यात धुवा. बाक खाचेच्या बाजूला असेल तर भ्रूण नेहमीसारखाच आहे.

तास मोजू नका, सोमाइट (पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीने दिसणारे ठोकळे) मोजा. १२-१३ जोड्या दिसल्या की बाक स्पष्ट असतो. १६ च्या पुढे डोकं वळायला लागतं आणि भ्रूण डाव्या कुशीवर जातो, मग गोंधळ वाढतो. उकाड्याचा संबंध इथे आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३० अंशांच्या वर असते, त्यामुळे टोपलीत ठेवलेल्या अंड्यांत वाढ हळूहळू सुरू होते आणि एकाच तासाची अंडी वेगवेगळ्या अवस्थेत निघतात. १५ अंशांच्या आसपास ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा.

गर्भविज्ञान
आता दुसरा प्रश्न. उंदराच्या भ्रूणात, सातव्या-आठव्या दिवशी, नोड नावाचा उथळ खड्डा असतो. त्यातल्या प्रत्येक पेशीवर एकच सिलियम, सेकंदाला सुमारे १० फेरे. पोटाच्या बाजूने बघितलं तर फेरे घड्याळाच्या दिशेने. तो सरळ उभा असता तर नुसता भोवरा झाला असता, पण तो शेपटीकडे कललेला असतो. म्हणून एका बाजूचा फेरा पेशींना घासून जातो, दुसऱ्या बाजूचा वरून. खाडीच्या तळाशी पाणी संथ असतं तसं पेशीलगतचं द्रव हलत नाही. वरचं हलतं, आणि ते डावीकडे. १९९८ साली हिरोकावांच्या गटाने दाखवलं की केआयएफ-३बी हे प्रथिन नसलेल्या उंदरात सिलियाच नसतात आणि हृदयाची बाजू कशीही ठरते. २००२ साली बाहेरून उजवीकडे प्रवाह सोडला, तर अवयवांची बाजूच उलटली. मला हा प्रयोग सगळ्यात देखणा वाटतो. त्यापुढे डावीकडे नोडल या संदेश देणाऱ्या प्रथिनाचा विरोधक कमी होतो, नोडल डाव्या बाजूला पसरतो, लेफ्टी हे दुसरं प्रथिन त्याला मध्यरेषेवर अडवतं आणि पिट्क्स-२ हा जनुक डावीकडे चालू राहतो.

कोंबडीत हलते सिलिया हे काम करत नाहीत. हेन्सनच्या नोडभोवतीच्या (कोंबडीतला नोड तो हाच) पेशीच डावीकडे सरकतात, मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या ओढीने. मग सॉनिक हेजहॉग हा जनुक डावीकडेच चालू उरतो आणि पुढे नोडल तिथेच लागतो. सुरुवात वेगळी, नंतरची वाट तीच.

तुमच्या मोजणीला उपयोगी खूण: यंत्रणा निकामी झाली की साधारण निम्मे उलटे निघतात, सगळे नाही. 'आयव्ही' हा जनुकातला बदल असलेल्या उंदरात तसंच होतं, आणि सिलिया न हलणाऱ्या माणसांतही सुमारे निम्म्यांत अवयव उलटे असतात. जवळपास सगळे उलटे ही 'इन्व्ह' या दुसऱ्या बदलाच्या उंदराची विरळ गोष्ट. त्यामुळे तुमच्या खोलीत 'बहुतेक सगळे' आले तर आधी रिंगच तपासा.

हर्णै बंदर
हे डावं-उजवं विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवायचं असेल तर लेप आणि भाकस आणा. दोन्ही चपटे मासे. अळीच्या वयात डोळे दोन बाजूंना असतात, मग थायरॉईडच्या संप्रेरकामुळे एक डोळा पलीकडे सरकतो. डोळ्यांची बाजू समोर धरा, पोट खाली. तोंड तुमच्या डावीकडे आलं तर मासा डावरा. लेप डावरेच मिळतील. भाकसात दोन्ही मिळतात: प्रत्येक मासा एका कुशीचाच, पण कुठल्या ते जातीने ठरवून ठेवलेलं नाही. भाकसाचा सरकलेला डोळा अगदी वरच्या कडेवर अडकल्यासारखा दिसतो आणि पाठीचा पर त्याच्या मागून सुरू होतो, तेही दाखवा. जपानी चपट्या माशात २००९ साली दिसलं की डोळा सरकण्याआधी मेंदूच्या हॅबेन्युला या छोट्या भागात, डाव्या बाजूला, पिट्क्स-२ पुन्हा जागा होतो.

साफ केलेले घेऊ नका. पोट कापलं की वर-खाली ओळखणं विद्यार्थ्यांना जड जातं. आणि १ जूनला मासेमारी बंदी लागायच्या आत आणून बर्फात ठेवा.

खाडीकाठ, रत्नागिरी
रिंग उलटीच ठेवली जात होती. पुढच्या खेपेला निमुळत्या टोकाकडे खाच पाडून, १२ सोमाइटवर मोजतो. भाकस दोन डझन सांगून ठेवतो.